न दिसणारी कावीळ

मराठीत काविळीला शब्द एकच आहे, उपाय मात्र शंभर. कोणी गळ्यात मुळ्यांची माळ घालतं. ती रोज थोडी लांब होत खाली सरकली की कावीळ उतरली असं समजायचं. कोणी हातांवर चुन्याचं पाणी चोळून ते पिवळं झालेलं दाखवतं. कोणी नाकात औषध घालतं, कोणी दंडावर डाग देतं. उसाचा रस, मुळ्याचा पाला, ताक सुरू. हळद आणि तेल बंद. चिपळूणजवळच्या आमच्या गावात मी हे सगळं लहानपणी पाहिलं आहे आणि या उपायांनंतर माणसं बरी होतानाही पाहिली आहेत. पावसाळ्यात गावात येणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. ती दूषित पाण्यातून येते आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप जाते, माळ घातली तरी आणि नाही घातली तरी.

'बहुतेकांच्या' हा शब्द जपूनच वापरायला हवा. हिपॅटायटिस ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. या विषाणूची ओळख पटण्याच्या गोष्टीत आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. तेव्हा सगळ्यांनी ती 'ए' च धरली. जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे अनेक वर्षांनी तपासले गेले, तेव्हा ती 'ए' नव्हती हे उघड झालं. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ होते. 1981 मध्ये कोल्हापुरात पाण्यातून पसरलेल्या काविळीचा अभ्यासही त्याच संस्थेने केला. डोळे दोन्ही आजारांत सारखेच पिवळे होतात. फरक फक्त रक्तात दिसतो.

पण पिवळ्या डोळ्यांची कावीळ निदान दिसते तरी. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू वर्षानुवर्षं यकृतात राहतात आणि बऱ्याच जणांना एकदाही कावीळ होत नाही. मला लिहायचं आहे ते या न दिसणाऱ्या काविळीबद्दल, आणि ती दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचणीबद्दल. ती चाचणी आमच्या घरात 1996 साली आली. तिचा अर्थ यायला मात्र 2014 साल उजाडलं.

माझे काका पाइप फिटर होते. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करायचे. त्या काळी आमच्या भागातल्या प्रत्येक वाडीतून एक-दोघं तरी 'गल्फ' ला असायचे. कोणाच्या घराला स्लॅब पडला, कोणाकडे टू-इन-वन आला, की पैसे कुठून आले हे विचारावं लागत नसे. काकांनाही एजंटमार्फत काम मिळालं. मेडिकलसाठी ते मुंबईला गेले. मी तेव्हा सात वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की ते परत आले तेव्हा त्यांच्यासाठी घेतलेली नवी बॅग तशीच कोरी होती आणि आजी कोणाशीच बोलत नव्हती.

त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. तिच्यावर दोन गोष्टी होत्या. एका ओळीत 'एचबीएसएजी : रिॲक्टिव्ह' आणि खाली शिक्का : 'अनफिट'. हे म्हणजे काय, हे त्यांना तिथे कोणीही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, तर "कावीळ आहे" एवढं उत्तर मिळालं. मागे त्यांच्यासारख्या माणसांची रांग उभी होती. आखाती देशांत नोकरीला जाण्यापूर्वीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी आणि सी साठी रक्त तपासतात, तेव्हाही तपासत आणि आजही तपासतात. त्या तपासणीला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं : या माणसाला पाठवायचं की नाही? त्या माणसाचं पुढे काय, हा तिचा प्रश्नच नसतो.

काका गावी आले आणि काविळीचं औषध देणाऱ्या एका म्हाताऱ्यांकडे गेले. त्यांनी काकांचे डोळे पाहिले, नखं पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, "तुला कावीळ नाही. मुंबईवाल्यांनी फसवलंन तुला." त्यांच्या अनुभवाप्रमाणे ते खरंच बोलत होते. काकांना कावीळ नव्हती. त्यांच्या रक्तात विषाणू होता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे सांगणारं जवळपास कोणी नव्हतं.

घरात मात्र 'कावीळ' हा शब्द येऊन बसला तो बसलाच. काकांचं ताट वेगळं झालं. लग्नात मिळालेलं, त्यांचं नाव घातलेलं एक स्टीलचं ताट होतं, त्यातच ते जेवायचे. त्यांचा पेला, तांब्या, तेही वेगळं. कोणी वाईट वागत नव्हतं. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत उष्टं-खरकटं सांभाळायचं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं, आणि काविळीला शब्द तर एकच. म्हणून ए आणि ई ची सगळी पथ्यं बी ला लागू झाली. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, शेजारी झोपल्याने पसरत नाही. तो रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. आमच्या न्हाणीघरात एका खिळ्यावर आरसा होता आणि त्याखालच्या फळीवर एक रेझर. तो मात्र बाबा, काका आणि सुट्टीत येणारे पाहुणे असे सगळे वापरत. ताट अठरा वर्षं वेगळं राहिलं. रेझर एकच होता.

योगायोग असा, की मी आज ज्या शहरात राहते त्या फिलाडेल्फियातच या चाचणीला तिचा अर्थ सापडला. 1960 च्या दशकात बारूख ब्लमबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जगभरच्या लोकांच्या रक्तातले आनुवंशिक फरक शोधत होते. हिपॅटायटिस हा त्यांचा विषयही नव्हता. त्यांची युक्ती साधी होती. ज्याला अनेकदा दुसऱ्यांचं रक्त चढवलेलं असतं, त्याच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार झालेल्या असतात. अशा माणसाचं रक्तद्रव्य आगारच्या जेलमधल्या एका खळग्यात घालायचं आणि शेजारच्या खळग्यांत वेगवेगळ्या लोकांचं. दोन्ही द्रव जेलमधून झिरपत एकमेकांकडे येतात, आणि अँटिबॉडीला तिचं प्रथिन भेटलं की मध्ये एक पांढरी रेघ उमटते. 1963 मध्ये मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे ब्लमबर्ग आणि हार्वी ऑल्टर यांना अशी एक रेघ दिसली. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाचं रक्तद्रव्य ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्ताशी जुळलं होतं. म्हणून त्या प्रथिनाला नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. पुढच्या वर्षी ब्लमबर्ग फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस भागातल्या कर्करोग संशोधन संस्थेत आले.

ते प्रथिन कशाचं, हे तरीही कळत नव्हतं. 1967 मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ बार्बरा वर्नर हिला बरं वाटेनासं झालं. तिने स्वतःचंच रक्त तपासलं. जेलमध्ये पुसटशी रेघ होती. पूर्वी तिचं रक्त निगेटिव्ह होतं. नंतर तिला कावीळ झाली आणि ती बरीही झाली. प्रयोगशाळेतल्या चाचणीने विषाणूजन्य हिपॅटायटिसचं निदान झाल्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. आज त्यालाच सरफेस अँटिजेन म्हणतात आणि काकांच्या चिठ्ठीवरची 'एचबीएसएजी' ही अक्षरं त्याचीच. ब्लमबर्गना 1976 चं नोबेल मिळालं. 28 जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. ऑल्टर यांना 2020 मध्ये हिपॅटायटिस सी वरच्या कामासाठी नोबेलचा वाटा मिळाला.

या चाचणीचा पहिला मोठा उपयोग झाला तो रक्तपेढ्यांत. दात्याच्या रक्तात विषाणू असेल तर ती पिशवी बाजूला काढायची. त्यामुळे असंख्य लोक वाचले. पण पिशवी बाजूला काढणं वेगळं आणि माणसाला बाजूला काढणं वेगळं. ज्यांच्या रक्तात अँटिजेन सापडतो त्यांना समाज कसा वागवेल, हा नैतिक प्रश्न ब्लमबर्ग यांनी 1970 च्या दशकातच लिहून मांडला होता. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचं न्हाणीघर आठवलं.

2014 च्या गणपतीत काका जेवत नव्हते. पोटात उजवीकडे दुखतं म्हणायचे. त्यांनी दारूच्या थेंबाला कधी स्पर्श केला नव्हता, म्हणून यकृताचं काही असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. मुंबईत सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. यकृताचा कॅन्सर, आणि बराच पसरलेला. चार महिन्यांत ते गेले. वय 54.

त्या चार महिन्यांत एका डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला, जो अठरा वर्षांपूर्वी कोणीतरी विचारायला हवा होता. "तुम्ही भावंडं किती?" काकूने पेटीतून ती जुनी चिठ्ठी काढून आणली होती. ती वाचून त्या म्हणाल्या, सगळ्यांचं रक्त तपासा, उद्याच. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचं शरीर विषाणूला घालवून देतं. पण जन्मताना आईकडून आलेली लागण दहापैकी नऊ बाळांमध्ये कायमची राहते. बाळाच्या शरीराला त्या विषाणूशी लढायचं असतं हेच कळत नाही. म्हणून वर्षानुवर्षं ताप नाही, कावीळ नाही, काही नाही. आणि मग चाळिशी-पन्नाशीनंतर सिरोसिस किंवा कॅन्सर. आजी तोवर गेलेली होती. तिचं रक्त कोणी कधी तपासलं नव्हतं. पण मुलांचे रिपोर्ट आल्यावर अंदाज बांधायला फार वेळ लागला नाही.

त्या आठवड्यात आमच्या घरातल्या पाच जणांचे रिपोर्ट आले. माझा विषय त्या वेळी वेगळा होता, तरी कागद वाचायचं काम माझ्याकडेच आलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की 'पॉझिटिव्ह' हा शब्दही 'कावीळ' सारखाच आहे : एकाच शब्दात अनेक वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या. रक्ताला खरं तर तीन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. सरफेस अँटिजेन सांगतो, विषाणू आत्ता शरीरात आहे का. कोअर अँटिबॉडी सांगते, तो शरीरात कधीतरी आला होता का. लशीने ही अँटिबॉडी कधीच तयार होत नाही. आणि सरफेस अँटिबॉडी सांगते, संरक्षण आहे का.

बाबांचा सरफेस अँटिजेन पॉझिटिव्ह, कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह, सरफेस अँटिबॉडी निगेटिव्ह. म्हणजे लागण आहे आणि सहा महिन्यांनी परत तपासूनही तीच दिसली, म्हणजे जुनाट आहे. आत्याचंही तसंच. आईचा अँटिजेन निगेटिव्ह, पण दोन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह. तिला कधीतरी लागण झाली होती आणि तिच्या शरीराने ती निस्तरली होती, तिला पत्ताही न लागता. माझी फक्त सरफेस अँटिबॉडी पॉझिटिव्ह. शाळेत असताना एका शिबिरात तीन इंजेक्शनं घेतली होती, त्याची ती पावती. शांता बायोटेकची भारतीय लस 1997 मध्ये बाजारात आली, किमती उतरल्या आणि गावोगाव अशी शिबिरं होऊ लागली. दंड दुखतो म्हणून आम्ही मुली रडलो होतो, एवढंच मला आठवत होतं. काकूचं मात्र तिन्ही निगेटिव्ह. तिला आधी वाटलं, आपण सुटलो. तिला सांगावं लागलं, की पाच जणांत लशीची गरज असलेली तू एकटीच आहेस, कारण तुझ्याकडे ना विषाणू आहे ना संरक्षण. तिला तिन्ही डोस देऊन मग सरफेस अँटिबॉडी मोजली. 10 च्या वर असली की पुरेशी धरतात. तिची कितीतरी वर आली. काकांचा मुलगा निगेटिव्ह निघाला आणि त्यानेही लस घेतली. तो आज दोहाला असतो. मेडिकल एका फेरीत पास झाला.

बाबांच्या पुढच्या चाचण्या सुरू झाल्या : यकृताला इजा होते आहे का हे सांगणारी एएलटी, रक्तात विषाणू किती आहे हे मोजणारी डीएनए चाचणी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. हिपॅटायटिस बी मध्ये सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ही सोनोग्राफी चुकवायची नाही. काही वर्षं नुसतं लक्ष ठेवलं. मग विषाणू वाढला तेव्हा रोजची एक टेनोफोव्हिरची गोळी सुरू झाली. या गोळीने विषाणू समूळ जात नाही, पण दबून राहतो. बाबा आता सत्तरीकडे झुकलेत आणि सकाळी चहाआधी गोळी घेतात. काकांच्या हातात 1996 मध्ये चिठ्ठी पडली तेव्हा या गोळ्या नव्हत्या, हे खरं आहे. पण त्या दहा-बारा वर्षांत आल्या, आणि मध्ये कोणी लक्ष ठेवून असतं तर काकांपर्यंत पोचल्या असत्या, हेही तितकंच खरं आहे.

आईच्या रिपोर्टाबद्दलही थोडं सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणांचा रिपोर्ट तिच्यासारखा असण्याची शक्यता आहे. 'होऊन गेली' याचा अर्थ विषाणू पूर्णपणे नाहीसा झाला असा नसतो. यकृताच्या पेशींत त्याचा अंश झोपून राहतो. पुढे कधी केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची वेळ आली, तर तो जागा होऊ शकतो. म्हणून आईच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे : कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह. उपचार काही नाही, फक्त डॉक्टरला माहीत असायला हवं.

हिपॅटायटिस सी ची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पहिली चाचणी अँटिबॉडीची असते, आणि ती पॉझिटिव्ह आली तरी आत्ता लागण आहे असं ठरत नाही. विषाणूचा आरएनए शोधणारी दुसरी चाचणी करावीच लागते. आता 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक लोक पूर्ण बरे होतात. पण अँटिबॉडी बहुधा बरं झाल्यावरही रक्तात राहते. म्हणजे आजार गेला तरी कागद 'पॉझिटिव्ह' च म्हणत राहतो. अशा माणसाने बरं झाल्याचा आरएनए रिपोर्ट जपून ठेवावा, पासपोर्टाइतका.

माझ्या आत्तेबहिणीला विचारूनच तिच्याबद्दल लिहिते आहे. आत्याचा रिपोर्ट आल्यावर तिचंही रक्त तपासलं. ती 1992 ची, तेव्हा जन्मतःच लस देण्याची पद्धत नव्हती. सरफेस अँटिजेन पॉझिटिव्ह. वय बावीस. तिने पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हताच. "लग्नाचं काय?" आत्याचं म्हणणं, सांगायचंच नाही, दिसतंय का काही? बहिणीने ऐकलं नाही. एका स्थळाला कागद दाखवले, त्यांनी नंतर फोनच उचलला नाही. दुसऱ्याने कागद घरी नेले, आपल्या डॉक्टरला विचारलं आणि परत येऊन म्हणाला, "मला तीन इंजेक्शनं घ्यायची आहेत, एवढंच ना?" त्याने घेतली, अँटिबॉडी मोजून घेतली आणि मग लग्न झालं. त्या घरी तिचं ताट वेगळं नाही. तिचा टूथब्रश, नेलकटर आणि रेझर तेवढे वेगळे.

2022 मध्ये ती गरोदर राहिली. पुण्यातल्या डॉक्टरांनी विषाणूचं प्रमाण मोजलं. ते दोन लाखांच्या वर होतं, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांसाठी तिला टेनोफोव्हिर सुरू केलं. बाळ जन्मल्यावर बारा तासांच्या आत त्याच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार अँटिबॉडीचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं, इंजेक्शन. मग वेळापत्रकाप्रमाणे पुढचे डोस. तिने बाळाला अंगावर पाजलं, त्याला काहीच हरकत नसते. बाळाची चाचणी लगेच करत नाहीत. आईकडून आलेल्या आणि टोचलेल्या अँटिबॉडी आधी ओसराव्या लागतात, शिवाय लशीनंतर काही दिवस लशीतलाच अँटिजेन चाचणीत दिसू शकतो. म्हणून नऊ महिने थांबायचं. ते नऊ महिने आत्याने कसे काढले ते तिलाच माहीत. रिपोर्ट आला : सरफेस अँटिजेन निगेटिव्ह, सरफेस अँटिबॉडी पॉझिटिव्ह. आत्याला त्यातला 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द दिसला आणि तिने देवासमोर बसून रडायला सुरुवात केली. हा पॉझिटिव्ह आपल्याला हवाच होता, हे तिला समजावायला अर्धा तास लागला. आजीकडून आत्याकडे, आत्याकडून बहिणीकडे आलेली गोष्ट तिथे थांबली होती.

आपल्यापैकी किती जणांनी ही चाचणी केली आहे, असं मी इथल्या मंडळात एकदा सहज विचारलं. बायकांपैकी बऱ्याच जणींची गरोदरपणात झालेली होती. पुरुषांपैकी जवळजवळ कोणाचीच नाही. "आपल्याला कशाला? आपण काय दारू पितो का?" हेच उत्तर वेगवेगळ्या शब्दांत आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये जगात 25 कोटींहून अधिक लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी होती आणि त्यातले सुमारे 3 कोटी भारतात. जगातल्या रुग्णांपैकी निदान झालेले फक्त 13 टक्के. भारतात ही लस देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली 2011 च्या सुमारास. म्हणजे आज परदेशात नोकऱ्या करणारी आपली पिढी बहुतांशी त्याआधी जन्मलेली. अमेरिकेत 2023 पासूनची अधिकृत शिफारस अशी आहे, की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी तिन्ही चाचण्यांचा संच करून घ्यावा. वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टरला "हिपॅटायटिस बी ट्रिपल पॅनेल" एवढे चार शब्द म्हणायचे. नेहमीच्या कोलेस्टेरॉल-साखरेच्या तपासणीत ही चाचणी नसते, मागावी लागते. मुळात ती लक्षणांसाठी करायचीच नाही. लक्षणं दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

आखातात असणाऱ्या वाचकांची अडचण वेगळी आहे, ती मला कळते. तिथे ही चाचणी नोकरीशी बांधलेली आहे, म्हणून तिची भीती वाटते आणि ती टाळावीशी वाटते. सुट्टीत घरी गेल्यावर, स्वतःसाठी, आपल्या डॉक्टरकडे ती करून घेता येते. भारतात 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, ही गोष्ट गावाकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर कागद घडी करून पेटीत ठेवू नका. तुमचा रिपोर्ट तुमच्या भावंडांचाही असतो. आई हयात असेल तर तिचाही. आपण इथून दर रविवारी फोन करतो. पाऊस किती झाला, आंबा धरला का, कोणाचं कुठे ठरलं, सगळं विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा. घरात कोणाला पूर्वी कधी मेडिकलमध्ये 'अनफिट' केलं होतं का, रक्तदानानंतर कोणाला परत बोलावलं होतं का, कोणी 'लिव्हर' ने गेलं का? उत्तर द्यायला बहुतेक वेळा तिकडे कोणीतरी थोडं थांबतं, आणि मग म्हणतं, "हो गं, एक कागद होता खरा."